वीज गेली असताना घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद : माझा अनुभव

वीज गेलेली असताना रस्त्यात कोणी आपल्याशी गैरवर्तन केले, तर फिर्याद देताना हमखास विचारले जाते की, अंधारात तुम्हाला दिसले तरी काय? मलाही हेच विचारले गेले, आणि पुढे पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत जेवढे कागद झाले त्या प्रत्येकात हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत समोर येत राहिला. त्याला नुसते तोंडी उत्तर देऊन भागत नाही, अंधारालासुद्धा कागदोपत्री पुरावा लागतो, हे मला या प्रक्रियेतून जाताना कळले.

घटना थोडक्यात सांगते. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते. पावसाळ्यातल्या एका रात्री अभ्यासिकेतून परतत असताना आमच्या सगळ्या भागाची वीज गेली. थोड्या वेळाने दिवा बंद ठेवलेली एक मोटारसायकल मागून आली, मागे बसलेल्या माणसाने माझा दंड धरून मला ओढले आणि घाणेरडे शब्द वापरले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, तेव्हा शेजारच्या घरातील एक बाई बॅटरी घेऊन बाहेर आल्या आणि ते दोघे पळाले. मी तेथूनच 112 क्रमांकावर फोन केला. त्या कॉलची वेळ मोबाइलमध्ये राहिली, हे पुढे फार उपयोगी पडले.

घरमालकीण काकूंना बरोबर घेऊन मी ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, “ताई, चेहरा नाही, गाडीचा नंबर नाही, मग लिहायचे कोणावर? लाइट आली की सकाळी या, नाहीतर आत्ता एक साधा अर्ज देऊन ठेवा.” त्यांचा स्वर उर्मट नव्हता, दमलेला होता. मात्र साधा अर्ज आणि प्रथम खबर (एफआयआर) यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण अर्जावर चौकशी होईल किंवा होणारही नाही, तर गुन्हा नोंद झाल्यावर तपास करावाच लागतो. स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 नुसार दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा असून त्याला एक ते पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. आरोपीचे नाव माहीत असण्याची अट कायद्यात कोठेही नाही, “दोन अनोळखी इसम” एवढे लिहून गुन्हा दाखल होतो. परीक्षेच्या अभ्यासामुळे ही कलमे मला पाठ होती, हा माझ्या बाबतीत निव्वळ योगायोग. ज्या मुलीला ती ठाऊक नसतील तिने त्या वेळी काय करावे, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

मी शांतपणे दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली गुन्हा नोंदवावा, आणि दुसरी म्हणजे माझी खबर महिला अधिकाऱ्यांनी लिहून घ्यावी, कारण अशा गुन्ह्यांत पीडितेची खबर महिला पोलीस अधिकाऱ्यांनी किंवा अन्य महिला अधिकाऱ्यांनीच नोंदवावी असे त्याच कलमात म्हटले आहे. ठाण्यात त्या वेळी कोणी महिला कर्मचारी हजर नव्हत्या, त्यांना बोलावून घ्यावे लागले आणि वेळ गेला. पण फिर्याद नीट लिहिली गेली व तिची प्रत मला तेथेच मोफत मिळाली.

फिर्यादीत मी चेहरा दिसला नाही असे स्पष्ट लिहायला लावले. काकूंना ते पटले नव्हते, त्यांच्या मते “पाहिल्यास ओळखेन” एवढे तरी घालायला हवे होते. मला मात्र वाटते की, मिट्ट काळोखात चेहरा पाहिल्याचा दावा केला असता, तर उलटतपासणीत त्या एका वाक्यावरून सगळी फिर्याद कोसळली असती. आवाज, बोलण्याची ढब, मागच्या माणसाची अंगकाठी आणि गाडीच्या सायलेन्सरचा फुटका आवाज, एवढेच मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळ पंचनामा झाला. त्यात रस्त्याची रुंदी, दिशा आणि आजूबाजूची घरे यांच्याबरोबर “रस्त्यालगत पथदिव्याचे खांब आहेत” अशी नोंद झाली. ते खोटे नव्हते, पण दिवसाउजेडी केलेल्या पंचनाम्यात रात्री ते दिवे बंद होते याचा मागमूसही राहत नाही, आणि वाचणाऱ्याला रस्ता उजेडाचा होता असे वाटू शकते. म्हणून मी पुरवणी जबाब देऊन वीज गेल्याची व पथदिवे बंद असल्याची बाब त्यात घालून घेतली, आणि वीज वितरण कंपनीकडून त्या रात्रीची नोंद मागवावी अशी विनंती तपास अधिकाऱ्यांना केली. खात्री असावी म्हणून मी स्वतःही दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराखाली वीज उपकेंद्राच्या नोंदवहीतील त्या फीडरच्या, म्हणजे आमच्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या, नोंदी मागितल्या. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत असते, आणि त्या मुदतीत फीडर कधी बंद झाला व कधी चालू झाला याची प्रमाणित प्रत मला मिळाली.

खरा उलगडा या कागदामुळे झाला. गल्लीतले बहुतेक कॅमेरे विजेबरोबरच बंद पडले होते. फक्त कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा चालू होता, कारण औषधांच्या फ्रिजसाठी त्या दुकानात इन्व्हर्टर होता. चित्रणात नंबर वाचता येत नव्हता, पण दोन स्वार, गाडीचा आकार आणि मागची मोडकी पट्टी दिसत होती. अडचण अशी होती की, कॅमेऱ्याच्या घड्याळातील वेळ माझ्या 112 च्या कॉलशी जुळेना; चित्रणानुसार गाडी कॉलच्या बऱ्याच नंतर गेली होती. तेव्हा तपास अधिकाऱ्यांनी चित्रण मागे नेऊन पथदिवे विझले तो क्षण पाहिला आणि उपकेंद्राच्या नोंदवहीतील वेळेशी ताडला. कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे होते, आणि तेवढा फरक वजा केल्यावर सगळ्या वेळा बरोबर बसल्या. अशी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, त्यामुळे ते वेळेत जप्त होणे फार महत्त्वाचे होते. त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्रही जोडावे लागले. दुकानदारकाका सहीला आधी घाबरत होते, कोर्टात खेटे घालावे लागतील अशी त्यांना भीती होती, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी त्यांना सांगू शकले नाही.

यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली माझा जबाब झाला. त्याआधी मी तालुका विधी सेवा समितीकडे गेले होते, कारण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तेथील वकील मॅडमनी एवढेच सांगितले की, जे आठवते ते सांगायचे आणि फिर्याद पाठ करून जायचे नाही.

मोडक्या पट्टीवरून गाडी सापडली आणि गाडीवरून दोघे सापडले. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावी असा नियम आहे. मला ती मी विचारल्यावर कळवली गेली. दोषारोपपत्र दाखल झाले असून त्याच्या साक्षीदारांच्या यादीत बॅटरी घेऊन बाहेर आलेल्या बाई, दुकानदारकाका आणि उपकेंद्राचे यंत्रचालक अशा तिघांचीही नावे आहेत. माझी साक्ष अजून व्हायची आहे.

पथदिव्यांसाठी मी नगरपरिषदेकडे वेगळा अर्ज केला होता, कारण ते काम ना पोलिसांचे ना वीज कंपनीचे. वीज गेली तरी चालतील असे सौर दिवे अभ्यासिकेच्या रस्त्यावर निदान वळणांवर तरी बसवावेत, अशी मागणी त्यात होती आणि अभ्यासिकेतल्या बहुतेक मुलींनी त्यावर सह्या केल्या. पहिल्या वळणावर दिवा लागला आहे, दुसऱ्यासाठी निधीचे कारण लेखी मिळाले असून त्यावर आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे.