आमची वाटचाल: नुसतं ‘केळं’ लिहून आलेलं सॅम्पल आम्ही घेत नाही

खाण्याचे पदार्थ तपासायची लॅब सुरू केली तेव्हा काम सरळ होतं, पाकिटावर छापायचे आकडे काढून द्यायचे. प्रोटीन, फॅट, मीठ, कॅलरी. त्या कामावर आजही भाडं आणि पगार निघतात. पण मग हळूहळू छोटे शेतकरी, बियाणं जपणारे लोक यायला लागले, एकाच पिकाच्या चार-पाच जाती पिशव्यांत भरून, आणि म्हणायला लागले की आमच्या जातीत वेगळं काय आहे तेवढं सांगा. धंदा वळला तो इथे.

फरक केवढा असतो बघा. जगभर विकलं जाणारं कॅव्हेंडिश केळं घेतलं तर १०० ग्रॅममागे बीटा-कॅरोटीन (शरीर ज्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं ते) फार तर २०-३० मायक्रोग्रॅम, आणि पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवरच्या उतीन इयाप नावाच्या नारिंगी गराच्या केळ्यात ८,५०० च्या आसपास मोजलं गेलंय! तांदळात प्रोटीन जातीप्रमाणे ५ ते १४ टक्के. आता सगळ्यांचा ॲव्हरेज काढून एक आकडा छापला की तो नेमका कुणाच्या ताटातला? एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऐकवलं होतं, ॲव्हरेज चालतो हो, कोण बघतंय. ते काम आम्ही सोडलं.

आणि शेतातली गंमत उलटीच चाललीये. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, २०१९ च्या अहवालात आहे की माणसाने खाण्यासाठी ६,००० च्या आसपास वनस्पती लावल्या, त्यातल्या २०० सुद्धा आज उत्पादनात धड मोजण्यासारख्या नाहीत, आणि एकूण पिकाचा ६६ टक्के वाटा फक्त ९ पिकांचा. त्या नवात ऊस आणि शुगरबीट दोन्ही, म्हणजे साखरेचीच दोन! कॅलरी मिळतात, पण लोह, झिंक, व्हिटॅमिन ए कुठून येणार.

लोहाचं काम मात्र भारी किचकट. शेतातली चिमूटभर माती दाण्याला चिकटलेली असली तरी आकडा फुगतो, गिऱ्हाईक खूश आणि रिपोर्ट खोटा. म्हणून दाणे आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवायचे, दळायला लोखंडी पातं वापरायचं नाही, आणि सोबत ॲल्युमिनियमही मोजायचं. ते जास्त आलं की समजायचं माती आत गेलीये, सॅम्पल परत मागवायचं. कॅरोटीनची वेगळीच तऱ्हा, उजेडात ते विरतं, म्हणून मंद लाईटमध्ये काम आणि बाटल्या तपकिरी काचेच्या. दोन जातींची तुलना करायची तर पाण्याचं प्रमाण आधी काढावंच लागतं, नाहीतर रसाळ फळ उगाच गरीब दिसतं.

रिपोर्टवर ‘सुपरफूड’ लिहून द्या म्हणणारे अजून भेटतात, नाही लिहीत. उलट आम्हीच सांगतो की जेवणातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमधून शरीराला साधारण १ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए मिळतं, आणि तेही जेवणात थोडं तेल-तूप असेल तर. बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, पण एकदा ऐकलेले लोक पुढच्या हंगामाला परत येतात असा अनुभव आहे.

आमच्या फॉर्मवर जातीचं नाव आणि पीक कुठलं हे दोन रकाने कंपल्सरी आहेत, आता फळं किती पिकलीयेत तेही भरून घेणार, कारण कच्च्या केळ्यातल्या स्टार्चची पिकताना साखर होते आणि तीच जात दोनदा तपासली तरी आकडे जुळत नाहीत.