प्रसादाचा शिरा, बेदाणे आणि आमचा बंड्या

श्रावणातली गोष्ट आहे. घरी सत्यनारायण होता, पाहुणे जेवून गेले, मी आत भांडी आवरत होते आणि बाहेर आईने बंड्याला वाटीभर शिरा दिला. बंड्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, 14 किलोचा, खायला दिसलं की शहाणपण विसरणारा. मी ओरडले तर आई म्हणते, "अगं प्रसाद आहे, प्रसादाला नाही म्हणतात का कधी?" आता शिऱ्यातल्या साखरेचं मला एवढं काही नव्हतं, पण त्यात तासगावच्या आत्याने पाठवलेले बेदाणे होते, आणि आईचा हात बेदाण्याला कधीच आखडत नाही.

द्राक्षं-बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत हे मी कुठेतरी वाचलेलं, म्हणून लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले किती खाल्ले ते मोजत बसू नका, दोन तासांच्या आत घेऊन या. मामा मागून सांगतोय मीठ-पाणी पाज म्हणजे ओकेल. मी ते फोनवर विचारलं तर डॉक्टर चिडलेच, जास्त मीठ पोटात गेलं तर ती एक वेगळी विषबाधा होते म्हणाले. मग रिक्षा, मग इंजेक्शन, मग ओकारी, आणि त्या ओकारीतून मी चक्क 11 बेदाणे मोजले. हो, मोजले.

पुढे सलाईन, आणि तीन दिवस किडनीसाठी रक्ताची तपासणी, कारण बेदाण्याचा त्रास लगेच दिसतोच असं नाही, आधी उलट्या, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि किडनी बसते. बंड्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मामा अजून म्हणतो बघ, काही झालं नसतं, आत्याच्या शेडवरची कुत्री खाली सांडलेले बेदाणे रोज खातात. असेलही, कारण एखादं कुत्रं मूठभर खाऊन मजेत फिरतं आणि दुसऱ्याची थोड्याशानेच किडनी जाते, तुमचं कुत्रं कुठल्या गटातलं हे आधी कळत नाही, भानगड तीच आहे.

हे का होतं ते बरीच वर्षं कोडंच होतं. मग 2021 साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी लिहिलं की कारण बहुतेक द्राक्षांमधलं टार्टारिक अॅसिड असावं. एका कुत्र्याने घरी मळलेला खेळायचा क्ले खाल्ला होता, त्यात क्रीम ऑफ टार्टार (म्हणजे टार्टारिक अॅसिडचाच क्षार) होतं, आणि त्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षांसारखी निघाली. आणि हे अॅसिड अजून कशात भरपूर असतं माहितीये का, चिंचेत! म्हणजे आमटी-चपाती कुस्करून घालणाऱ्यांनी जरा विचार करा, शिवाय आमटीत कांदा असतो आणि कांदाही कुत्र्याला वाईटच.

मग नुसतं गोड चालतं का? पेढ्याचा तुकडा किंवा एखादं पार्ले-जी खाऊन कुत्रं मरत नाही. पण पार्ले-जीच्या पाकिटावर घटक वाचा, पहिलं नाव पिठाचं आणि दुसरं साखरेचं, गल्लीतल्या कुत्र्याला रोज पुडा टाकणं म्हणजे जेवण नव्हे. रोजच्या गोडाने वजन वाढतं, दुधाच्या मिठाईने बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात, आणि दिवाळीत एकदम चार-पाच बेसन लाडू हाणले तर साखरेपेक्षा तुपाची भीती जास्त, त्याने स्वादुपिंड सुजू शकतं. आमच्याकडे म्हणतात गोडाने जंत होतात, खरूज होते. जंत पोटात जाणाऱ्या अंड्यांमधून आणि पिसवांमधून येतात, खरूज किड्यांमुळे होते, साखरेचा काही संबंध नाही.

चॉकलेटचं मात्र लोकांना माहिती असतं, तरी "दूधवालं आहे, चालतं" हे ऐकायला मिळतंच. त्यातलं थिओब्रोमिन हे घातक द्रव्य आपण पटकन पचवतो, कुत्र्याच्या अंगातून निम्मं जायलाच साधारण 17-18 तास लागतात. बंड्याएवढ्याला 50-60 ग्रॅम डार्क चॉकलेटनेही त्रास सुरू होऊ शकतो, दूधवाल्याला त्याहून जास्त लागेल, एवढाच फरक.

आणि सगळ्यात बेकार शुगर-फ्री. बाबांना डायबेटीस, त्यामुळे आईचं लॉजिक सरळ होतं, साखर वाईट ना, मग बाबांचं शुगर-फ्री देऊ. अजिबात नाही! सगळ्याच शुगर-फ्रीमध्ये नसतं, पण च्युइंगम, मिंट, काही पीनट बटर, टूथपेस्ट यात झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असू शकतं, पाकिटावर कधी कधी नुसता 967 आकडा असतो. आपल्याला काही होत नाही, पण कुत्र्याचं शरीर त्याला साखर समजून इन्सुलिनचा लोंढा सोडतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धाडकन पडते, कुत्रं लडखडतं, फिट येते, जास्त गेलं तर लिव्हर जातं. बंड्याची साखर पडायला दीड ग्रॅम पुरे, म्हणजे काही ब्रँडच्या च्युइंगमच्या दोन-चार गोळ्याच.

बिचाऱ्याला दोष तरी काय देणार, कुत्र्याला गोड चव कळते. शेजारची मांजर पेढ्याकडे बघतसुद्धा नाही, कारण मांजरांमध्ये गोड ओळखणारं जनुकच बिघडलेलं आहे. असलं काही बंड्याच्या नशिबात असतं तर माझे पैसे वाचले असते.

आईला हे सगळं पटलं, पण प्रसादाशिवाय त्याला ठेवायचं नाही यावर ती ठाम. म्हणून आता पूजेच्या दिवशी शिऱ्यात घालायच्या आधी केळ्याचा एक काप बाजूला निघतो. बंड्या तो तोंडात धरून सोफ्याखाली नेऊन ठेवतो आणि परत येऊन शिऱ्याच्या पातेल्यासमोर बसतो.