भाव सांगताना

18 फेब्रुवारी 2026, बुधवार

शाळा सोडून दाळ मिल टाकल्यापासून भेटेल ती बाई एकच विचारते, "मशीन जमते काय हो तुमाले?" मशीन जमली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं, पंदेकृविनं, तयार केलेली ही मिनी दाळ मिल गावातल्या माणसाला चालवता यावी याच हिशेबानं बनवलेली आहे. पहिल्या घाण्याला रोलरवर तुरीच्या सालाला नुसते ओरखडे पाडायचे. मग क्विंटलला पाव ते अर्धा किलो गोडं तेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. दाणा आणि साल यांच्यामध्ये चिकट थर असतो, तेल मुरलं की तो सैल होतो. त्यावर पाण्याचा हात द्यायचा, दोन-तीन दिवस चांगलं ऊन द्यायचं आणि पुन्हा रोलर. दाणा वाळला की नाही ते मी आता दाताखाली धरून सांगते. कट्टकन दोन फाकी झाल्या पाहिजेत. नरम दाणा घातला तर साल सुटत नाही आणि चुरीच जास्त पडते. नीट वाळलेल्या क्विंटलभर तुरीची 70 किलोच्या वर दाळ पडते. वर साल-चुरीची चुनी निघते, ती ज्याची तूर त्याच्याच गाईम्हशींना.

हे सगळं शिकता आलं. शिकायला जड गेलं ते पैसे मागणं. अजूनही जातं.

मी डी.एड. झाले तेव्हा मास्तरीण होणं म्हणजे आयुष्य मार्गी लागणं, असं माहेरी-सासरी दोन्हीकडे वाटायचं. लागले ती विनाअनुदानित शाळेत. 2009 साली आमच्यासारख्या शाळांना अनुदानाची वाट मोकळी झाली, 2016 मध्ये पात्र शाळांना 20 टक्के देणं सुरू झालं. आमची शाळा यादीत येईल, यंदा नाही तर पुढच्या वर्षी येईल, यावर आम्ही जगत होतो. मधल्या काळात 2013 ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, 2017 ला शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आली. पोरींना झोपवून मी त्या परीक्षांचा अभ्यास केला. पगार हातात यायचा तेव्हा यायचा. कधी दिवाळीला, कधी नाहीच. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, हे सेवेचं काम आहे." आणि आम्ही गप्प बसायचो, कारण आम्हालाही ते सेवेचंच काम वाटायचं. वर्गात उभं राहिलं की मला खरोखर आनंद व्हायचा, तो आजही कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. पण त्या आनंदाच्या नावावर माझी मेहनत फुकट गेली, याचा राग मला आहे. इतकी वर्षं तो राग मी मनातसुद्धा नीट उच्चारला नव्हता.

गावात बाईच्या कामाला तसाही भाव नसतोच. माझी आई दरवर्षी तुरीला पाणी लावून, वाळवून, जात्यावर भरडून घरच्या वर्षभराच्या दाळीची सोय करायची. मदतीला शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. त्या कष्टाची किंमत कोणी केली नाही, तिनंही नाही. त्याच घरातून मी आले.

मिलच्या कर्जाच्या वेळीही तेच झालं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान मिळत होतं, कमाल 10 लाखांपर्यंत; आपला हिस्सा किमान 10 टक्के. कोटेशन झालं, उद्यम नोंदणी झाली, प्रकल्प अहवाल झाला. मग जागेचा कागद मागितला आणि कळलं की माझ्या नावानं या जगात एक भिंतसुद्धा नाही. घराचा उतारा, नमुना 8, मामाजींच्या म्हणजे सासऱ्यांच्या नावानं, शेताचा सातबारा आमच्या यांच्या नावानं. मामाजींनी 500 च्या बाँडवर संमती लिहून दिली, तीही कुरकुर न करता. "सूनबाई, कर्ज फेडता येईन एवढाच भाव ठेव, पण ठेव," असं म्हणाले. त्या "पण ठेव" नं मला फार धीर दिला.

तरी आज पुन्हा अडखळलेच. एका मावशींची तूर भरडून झाली, दाळ पोत्यात भरली, चुनी वेगळी बांधून दिली, वजन झालं. आणि मी पैसे सांगायचे सोडून त्यांच्या नातवाच्या दहावीच्या पेपरांची चौकशी करत उभी. त्याच म्हणाल्या, "मॅडम, पैसे सांगाले लाजता काऊन? चक्कीवाला लाजते काय?" सांगितलं, किलोला आठ रुपये. मावशींनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढले, मोजून माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "मूंग बी करून देसान काय?" बस्स, एवढंच. मी भीत होते तसं काहीही झालं नाही. कोणाच्या नजरेतून मी उतरले नाही. उलट पुढचं काम मिळालं.

त्या गेल्यावर मिलच्या दारावर खडूनं दर लिहून टाकला. तूर 8 रुपये किलो, मूग-उडीद विचारून. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचंच, ठसठशीत. आता दर हिशेबाच्या वहीत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

इथली तूर व्यापाऱ्याकडे जाते आणि दाळ दुकानातून पाकिटात परत येते, हे मला मनापासून खुपतं. ज्यांच्या घरी दोन-चार पोती तूर झाली आहे त्यांनी निदान घरापुरती दाळ इथेच करून न्यावी, असं मी बचत गटाच्या बैठकीत बोलले. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. त्यातल्या किती पोती घेऊन येतात ते होळीपर्यंत कळेल.

संध्याकाळी शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. त्या अजून तिथेच आहेत. सुटीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात वाळवणाच्या कामाला येऊ का, असं विचारत होत्या. पैशाचं काहीच बोलल्या नाहीत, आवाजावरून कळलं की बोलणारही नाहीत. मी आधी रोजी सांगितली, दर शनिवारी हातात देईन हेही सांगितलं, आणि मगच केव्हा येता ते विचारलं. रविवारी येते म्हणाल्या.