टोपीसाठी कागदी डोकं

आजचा दिवस फुगा, रद्दी आणि खळ यांचा. टोप्या मांडायला कागदी डोकी.

टोपी 56 सेंटीमीटर घेराची असेल तर फुगा 54 वरच थांबवायचा. कागदाचा थर 2 मिलिमीटर चढला की घेर सव्वा सेंटीमीटरने वाढतो. फुगा 56 चा घेतलात तर टोपी कपाळावरच अडकणार.

खळ: 1 वाटी मैदा, 5 वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी. भांडं वेगळं ठेवा, हातमोजे घाला.

कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, जोड उठून दिसत नाही. एक थर मराठी वर्तमानपत्राचा, पुढचा इंग्रजीचा. कुठे राहून गेलं ते लगेच कळतं. (लिपीचा इतका व्यावहारिक उपयोग क्वचितच!) एका वेळी दोनच थर, मग पंख्याखाली रात्रभर. उन्हात ठेवायचा मोह टाळा: फुग्यातली हवा प्रसरण पावते, ओला कागद तडकतो, संध्याकाळी फुगा आकसला की सुरकुत्या. असे एकूण आठ थर. पावसाळ्यात हा उद्योग नकोच, बुरशी येते.

नाक-हनुवटी लगद्याची. मान म्हणजे कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी; तळाशी किलोभर वाळूची पिशवी, नाहीतर फेटा बांधताना डोकं आडवं होतं.

रंग मॅटच द्या. चकचकीत डोक्यावर टोपी घसरते.