काट्यावर चढण्याआधी

२००९ च्या जानेवारीत भोसरीच्या एका कारखान्यातून फोन आला. धातूच्या पट्ट्या ताणून त्यांची ताकद मोजणारं त्यांचं यंत्र बंद पडलं होतं. यंत्र तसं ठणठणीत होतं, बिघडला होता त्याला जोडलेला कॉम्प्युटर. आत यंत्रासोबतच आलेलं, आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं एक लांबलचक कार्ड होतं आणि ते चालवणारा प्रोग्रॅम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा. नव्या कॉम्प्युटरला आयएसएचा स्लॉटच नसतो. सगळी नियंत्रणप्रणाली बदलायची तर साडेचार लाखांचं कोटेशन हातात होतं. तोवर चाचणीचे रिपोर्ट निघणार नव्हते आणि रिपोर्टशिवाय माल गेटबाहेर पडत नव्हता. "ताई, आठ दिवस आहेत माझ्याकडे," मालक म्हणाले.

मी तेव्हा एका कंपनीत एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची कामं बघत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यापासून दहा वर्षं बँका, पतसंस्था, सोसायट्या, कारखान्यांची ऑफिसं, सगळीकडे कॉम्प्युटर बसवायचे, दुरुस्त करायचे आणि जुने झाले की उचलून द्यायचे. त्यामुळे उचललेली यंत्रं कुठे जातात हे मला नेमकं माहीत होतं. रविवारी सकाळी सातला मी पुण्याच्या जुन्या बाजारात पोचले. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळेच्या समया, पाने-पकडी, मोटारींचे आरसे, जुन्या नाण्यांचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये एका ताडपत्रीवर नऊ कॅबिनेट आडवी टाकलेली. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊनच गेले होते. पाचव्या कॅबिनेटमध्ये इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) निघाला. हा चिपसेट १९९८ चा. नव्या पद्धतीच्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटच्या बाजूला लांब काळे दोन आयएसए स्लॉट होते. कॅबिनेट वजनावर मिळालं, अडीचशे रुपयांत. मंगळवारी कारखान्याचं यंत्र सुरू झालं.

त्या कामाचे मला आठ हजार मिळाले, पण माझं लक्ष पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. अशी यंत्रं एकट्या भोसरी-चिंचवडमध्ये किती असतील? लेथ आहेत, भरतकामाची मशिन आहेत, वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणं आहेत. यंत्र तीस वर्षं टिकतं आणि त्याचा कॉम्प्युटर दहा वर्षांत बाजारातून नाहीसा होतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर नोकरी सोडली, दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा, तो सोबत आला.

जुनं हार्डवेअर स्वस्तात मिळवायचं म्हणजे काय, हे आम्हाला तिथे कळायला लागलं. भंगारात कॉम्प्युटर किलोवर जातो. पत्रा वेगळा, तांब्याची वायर वेगळी, प्लॅस्टिक वेगळं, बोर्ड वेगळे. बोर्डांतही प्रतवारी असते. प्रोसेसर तर भंगारवाले पहिल्यांदा काढतात, कारण सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरमध्ये सोनं असतं. १९९५ चा पेंटियम प्रो हा तर त्यांच्यात सगळ्यात मानाचा. नुसता हातात घेतला तरी जड लागतो आणि उलटा केला की सोनेरी पिनांची दाट रांग. म्हणजे आमची चढाओढ दुसऱ्या दुकानदाराशी नव्हती, सोनं गाळणाऱ्यांशी होती. एकदा माल काट्यावर चढला आणि पुढे हातोड्याखाली गेला की संपलं. ताडपत्रीवर बसलेल्या माणसाच्याही आधी, गोणी सोडायच्या वेळीच आपण तिथे असायला हवं.

हे साधायला वर्षं लागली, आणि ते साधलं एका प्रसंगामुळे. नाना पेठेतल्या एका भंगारवाल्या चाचांकडून मी पन्नास रुपयांना एक कार्ड घेतलं होतं. ते निघालं जिस्ट कार्ड. नव्या पिढीला हे नाव माहीत नसेल. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं वाढवलं आणि त्यातून हे कार्ड आलं. ते आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटायची. विंडोज घरोघरी येण्याआधी कॉम्प्युटरवर मराठी यायची ती अशी. बंगळुरूच्या एका संग्राहकानं त्या कार्डाचे सहा हजार दिले. मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन चाचांच्या हातात हजार रुपये ठेवले आणि कार्ड कशाचं होतं तेही सांगितलं. त्यांनी ते दोनदा नीट समजून घेतलं. पुढच्या महिन्यापासून ते मला फोन करायला लागले. "ताई, लंबा काला कार्ड आया है, निकालके रखा है." आज आमच्याकडे येणारा निम्मा माल अशा सात-आठ माणसांकडून येतो. त्यांना काय ओळखायचं ते आम्ही फोटो काढून शिकवलं आहे. पन्नास रुपयांची वस्तू आता पाचशेला पडते, पण ती अख्खी मिळते. मला त्यात पुरेपूर फायदा दिसतो.

नुकसानही मोठं सोसलं. २०११ च्या मे महिन्यात एका लिलावातून ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरचे चौदा बोर्ड एकदम मिळाले. इतका माल एका फटक्यात पहिल्यांदाच आला होता. आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि कारखान्यांच्या कामात गुंतलो. दसऱ्याला खाली काढले तर अकरा बोर्ड खराब. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग टिकवायला लहान पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी डाख देऊन बसवलेली असे, ३.६ व्होल्टची. ती जुनी झाली की फुटते आणि आतला क्षार बोर्डावर पसरतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यानं तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या, वर हिरवी-निळी बुरशीसारखी साय धरलेली. कीबोर्डच्या सॉकेटपासून ते थेट मेमरीच्या खाचांपर्यंत.

त्यातले तीन बोर्ड वाचवले. क्षार मारायला व्हिनेगर, मग साधं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश. फायबर ग्लासच्या पेन्सिलीनं रेघ खरवडायची, तांबं गुलाबी चमकलं की थांबायचं. जिथे रेघ तुटली आहे तिथे केसाएवढी बारीक वायर भिंगाखाली डाखायची. एका बोर्डावर अशा एकवीस वायरी घातल्या. तेव्हापासून गाळ्यात एक नियम आहे: यंत्र टेम्पोतून उतरलं की त्याची पावती फाडण्याआधी बॅटरी कापायची.

यंत्रं कशी सापडतात, असं लोक विचारतात तेव्हा मी शाळेची गोष्ट सांगते. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनं तो परवाना घेऊन भारतात बनवला, एससीएल युनिकॉर्न या नावानं. प्रोसेसर ६५०२, मेमरी ३२ के. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलच्या भांडारखोलीत असे दोन आहेत, हे मला तिथल्या निवृत्त शिक्षकांनी सांगितलं. मुख्याध्यापक बाई द्यायला तयार होत्या, पण यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ मालाच्या नोंदवहीत होती. म्हणजे निर्लेखनाचा, नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव, संस्थेची मंजुरी, मग रीतसर दरपत्रकं. सात महिने लागले. एकदाही घाई केली नाही, चार वेळा गावी गेले. घाई करणाऱ्याला कागद नसलेला माल मिळतो आणि तो आम्ही घेत नाही.

दोन्ही यंत्रं नकाशे, तुटके ग्लोब आणि विज्ञान प्रदर्शनातल्या थर्मोकोलखाली होती. गाळ्यात आणल्यावर भावानं उत्साहात एक लगेच चालू केलं. दोन मिनिटांत मागच्या बाजूनं पांढरा धूर आणि उग्र वास. त्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला वर्षानुवर्षांत बारीक तडे जातात, आत ओलावा शिरतो आणि २३० व्होल्ट मिळाले की ते फुटतात. आता आम्ही चालू करण्याआधीच ते बदलतो, तसेच दुसऱ्या यंत्राचेही बदलले. मग बटण दाबलं. आधी एक खालचा सूर, लगेच एक वरचा, आणि काळ्या पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. निवृत्त गुरुजींना मुद्दाम बोलावलं होतं. ते खुर्चीत बसले, बेसिकमध्ये पाढा छापणाऱ्या चार ओळी त्यांनी न अडखळता टाइप केल्या आणि बारचा पाढा शेवटपर्यंत येऊ दिला.

एक यंत्र त्यांच्याच शाळेला दुरुस्त करून परत दिलं, कपॅसिटरचेच पैसे घेतले. दुसरं आमच्याकडे आहे.

जाहिरातींमधूनही मिळतं, पण तिथे वस्तूचं खरं नाव घालून शोधलं तर उशीर झालेला असतो. ज्याला नाव माहीत आहे त्याला भावही माहीत असतो. आम्ही चुकीची नावं शोधतो. 'जुना टाइपरायटर', 'टीव्हीला लावायचा कीबोर्ड', 'मुलांचा खेळण्यातला कॉम्प्युटर'. 'टीव्हीला लावायचा कीबोर्ड' या नावाखाली सोलापुरात आम्हाला एक डेसिबल्सचा स्पेक्ट्रम प्लस मिळाला, आठशे रुपयांत. ब्रिटनच्या सिंक्लेअरचा घरगुती कॉम्प्युटर झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ चा, आणि डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सनं त्याची प्लस आवृत्ती १९८६ पासून भारतात परवान्यानं विकली. घरात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर असला की झालं, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचा, तोही कर्कश किरकिर ऐकत पाच-पाच मिनिटं. कीबोर्डच्या आतली मेम्ब्रेन कडक होऊन तुटली होती, ती नवी घातली. तो घेतला न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मूळच्या सोलापूरकरांनी. त्यांनी किंमत विचारण्याआधी विचारलं, "कॅसेट लोड होताना कडेच्या पट्ट्या रंगीत हलतात ना?" हलत होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांना त्या दाखवल्या, शेजारी त्यांचे वडील बसले होते.

फ्लॉप्यांचं काम आम्ही ठरवून घेतलं नव्हतं, ते मागे लागून आलं. कोकणातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांच्या मुलीनं दोनशेच्या वर सव्वापाच इंची फ्लॉप्या आणल्या. बऱ्याच फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घासतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून निघते. प्रत्येक फ्लॉपीचं पाकीट कडेनं उघडून चकती बाहेर काढायची, अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं आतून बाहेर न पुसता गोल पुसायची, वाळवायची, स्वच्छ पाकिटात घालायची. मग ग्रीझवीझल नावाच्या बोर्डानं चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. या कामासाठी १.२ एमबीचा ड्राइव्ह हवा होता, तो दीड महिना सापडत नव्हता. शेवटी चाचांनीच गोणीतून काढला. मजकूर जिस्टमध्ये लिहिलेला, म्हणजे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातला. तो आजच्या युनिकोडमध्ये फिरवला आणि पडद्यावर पहिली ओळ आली ती पावसाळी वाहतुकीच्या बोटी बंद झाल्याच्या बातमीची. दोनशे अकरापैकी एकशे ब्याऐंशी फ्लॉप्या वाचल्या.

ई-कचऱ्याचे नियम २०१२ मध्ये लागू झाले, पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये बदलले, आणि कंपन्यांचा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जाऊ लागला. ते योग्यच आहे. उघड्यावर आम्लात बोर्ड उकळणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या हातांची कातडी पाहिली आहे. पण रिसायकलरकडे गेलेलं सगळंच दळलं जातं, त्यात चालू स्थितीतले बोर्डही जातात. म्हणून आम्ही रीतसर नूतनीकरणाची नोंदणी केली आणि दोन रिसायकलरांशी बोलून ठेवलं. दळायच्या आधी महिन्यातून एकदा आमची माणसं तिथे जाऊन माल चाळतात, वजनाच्या दरापेक्षा जास्त दर आम्ही देतो. चित्रीकरणासाठी जुने मॉनिटर भाड्यानं देण्याचं कामही वाढलं आहे, पण त्याचं मला फार कौतुक नाही. जड काचेचे मॉनिटर चढ-उतार करताना फुटतात आणि एक फुटला की तसा दुसरा लवकर मिळत नाही.

आज गाळे दोन आहेत, माणसं सहा. निम्म्याहून जास्त उत्पन्न अजून कारखान्यांकडूनच येतं. भोसरीच्या त्या पहिल्या यंत्राला तोच ४४०बीएक्स बोर्ड आहे. दर दोन वर्षांनी आम्ही त्याचे कपॅसिटर आणि पंखा तपासतो. हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घातलं आहे. मालकांच्या जागी आता त्यांची सून बसते. मागल्या महिन्यात तिनं विचारलं, हा बोर्ड गेला तर? मी तिला आमच्या मागच्या गाळ्यात नेलं. लोखंडी मांडणीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात तसेच तीन बोर्ड आहेत, तपासलेले, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केलेले. प्रत्येकावर तिच्या सासऱ्यांच्या कारखान्याचं नाव आहे आणि खाली लाल शाईत लिहिलं आहे, 'विक्रीसाठी नाही'.