तुर्की शिकताना एका 'न'ने काढलेला घाम

इस्तंबूलला आल्यावर ए-वन म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलचा तुर्कीचा क्लास लावला, परीक्षा पास पण झाले, तरी एका 'न'वरचा राग काही जात नाही.

विभक्ती आपल्याला सोप्या जातात हो. एव म्हणजे घर, एवदे घरात, एवदेन घरातून. क्लासमधले इंग्रजीवाले रडत होते आणि मी आरामात. मग आली मालकी. एविम माझं घर, एविन तुझं, एवी त्याचं. आधी मालकी लावायची, मग विभक्ती, म्हणून एविमदे म्हणजे माझ्या घरात. छान. आता त्याच्या घरात? मी लिहिलं एविदे, लगेच लाल गोल. बरोबर म्हणे एविन्दे. अहो पण तुझ्या घरात पण एविन्देच ना! टीचरना विचारलं तर म्हणे संदर्भावरून कळतं.

काय कळतं? एकदा घराला कुलूप लावायचं होतं, रूममेटचा मेसेज आला, "आनाहतार दोलाबंदा". आनाहतार म्हणजे किल्ली, दोलाप म्हणजे कपाट. मी समजले तुझ्या कपाटात, अर्धा तास माझे सगळे कपडे उपसले, मग वाटलं त्याच्या म्हणजे तिच्या भावाच्या कपाटात असेल, तिथेही नाही. शेवटी फोन केला तर किल्ल्यांच्या कपाटात, दाराशेजारचं ते छोटं. म्हणजे दोन शब्दांचे तीन अर्थ, कारण जोडशब्दाला पण तोच मालकीचा प्रत्यय लागतो आणि पुढे विभक्ती आली की परत तो 'न'! गलाता क्योप्रुस्यू, म्हणजे गलाता पूल, त्यातला शेवटचा स्यू तोच, आणि पुलावर म्हणायचं तर क्योप्रुस्युन्दे.

डोक्यात प्रकाश पडला तो भांडी घासताना. आपण तरी 'घरत' कुठे म्हणतो, 'घरात' म्हणतो, तो मधला 'आ' कुठून आला म्हणून कधी कोणाला विचारलंय? सामान्यरूपच की हे, फक्त यांच्याकडे ते 'त्याचं' असेल तरच होतं. त्या दिवसापासून चुका निम्म्या झाल्या.

हां, हे आधी सांगायला हवं होतं, सराव स्वरान्त शब्दांवर सुरू करा. ओदा म्हणजे खोली, त्यात ओदान्दा तुझ्या खोलीत आणि ओदासन्दा त्याच्या, तिथे घोळच नाही. मी उलटं केलं.

तोंडी परीक्षेत 'न' एकदम बरोबर आला, मी खूश, आणि पुढचाच प्रश्न पाण्यावर. सु म्हणजे पाणी. स्वरान्त शब्द म्हणून त्याचं पाणी मी नियमाने 'सुसू' केलं. अपवाद आहे, 'सुयू' होतं. परीक्षक बाई शांतपणे मार्क कापत होत्या आणि मला एकटीलाच हसू आवरत नव्हतं.