ताण अंगावर निघतो तेव्हा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रात्रीही नीट झोप लागत नाही, आणि आधीच काळजीने शिणलेल्या माणसाची चिडचिड त्यामुळे अधिकच वाढते. शरीरक्रियेचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, विषारी द्रव्य अशी ताणाची कारणे निरनिराळी असली तरी शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब व साखर वाढते, पचन मंदावते. हे सारे महिनोन्महिने ओसरत नाही, तेव्हा खरा त्रास सुरू होतो.

आमच्या शेजारच्या काकू मुलाच्या परीक्षेच्या काळात आखडलेल्या मानेला रोज बाम चोळत असत. झोप लागते का, हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही. ‘मन घट्ट करा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा सकाळी अंबाझरी तलावाच्या काठाने चालावे, श्वास सावकाश सोडावा, झोपेची वेळ पाळावी. आणि तेवढ्याने भागत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, निःशुल्क क्रमांकावर संकोच न करता मराठीतून बोलावे.